सुटका कोणाची?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. आमच्या धर्मग्रामात दृढीकरणाच्या वर्गाला येणारी नववीतील एक मुलगी भर पावसात धर्मगुरुनिवासाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. छत्री मिटून तिने दप्तरातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले एक पुस्तक काढले आणि आमच्या हाती दिले. म्हणाली, "फादर, हे वाचा. आणि शेवटी ते बाळ जगतं की मरतं, ते मला सांगा. त्यावरून आमच्या वर्गात भांडण झालंय."

मुलांचे पुस्तक म्हणून आम्ही ते टेबलावर ठेवले. विजेची बिले, लग्नाच्या नोटिसा आणि सभांची इतिवृत्ते यांच्या खाली ते पंधरा दिवस पडून होते. पुढे एका रात्री वीज गेली, झोप येईना, तेव्हा विजेरीच्या उजेडात आम्ही ते उघडले. दुसऱ्या रात्री ते वाचून संपले, पण मनातून मात्र गेले नाही. आज हा लेख लिहीत आहोत तो त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. आणि खरे सांगायचे तर, त्या पुस्तकाने आमच्यापुढे टाकलेल्या दुसऱ्या एका प्रश्नाचे उत्तर म्हणूनही.

पुस्तक होते लोइस लौरी या अमेरिकन लेखिकेची ‘द गिव्हर’ ही कादंबरी. ती १९९३ साली प्रसिद्ध झाली आणि १९९४ साली तिला बालसाहित्यातील मानाचे न्यूबेरी पदक मिळाले. पाश्चात्त्य समीक्षक ज्या प्रकाराला ‘डिस्टोपिया’ म्हणतात, म्हणजे सुखाचा आराखडा काढता काढता माणसाने स्वतःसाठी बांधलेला तुरुंग, त्या प्रकारातील ही कथा आहे. या प्रकारात तान्ही बालके पूर्वीही येऊन गेली आहेत. आल्डस हक्सले यांच्या १९३२ च्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये आठ महिन्यांची बाळे फुलांकडे आणि पुस्तकांकडे रांगत जातात आणि त्यांना विजेचे झटके दिले जातात, जेणेकरून मोठेपणी त्यांनी फुलांवर व पुस्तकांवर प्रेम करू नये. पी. डी. जेम्स यांच्या १९९२ च्या ‘द चिल्ड्रन ऑफ मेन’मध्ये मूलच जन्माला येईनासे झालेल्या जगात अखेरीस एक बाळ जन्मते. लौरी यांच्या कथेतील बाळ यांपैकी कोणत्याच प्रकारचे नाही. ते आहे वजन न वाढणारे आणि रात्रभर रडणारे एक साधे मूल.

कादंबरीतील वसाहत वरवर पाहता स्वर्गच. तेथे भूक नाही, भांडण नाही, कोणी कोणाशी उद्धटपणे बोलत नाही. डोंगर सपाट केलेले, हवामान आवरलेले, इतकेच काय, रंगही नाहीसे झालेले. पूर्वीच्या जगाच्या साऱ्या आठवणी, बर्फाच्या, युद्धाच्या, नाताळच्या, एकाच वृद्धाच्या ठायी साठवलेल्या, म्हणजे इतरांना त्यांचा त्रास नको. बारा वर्षांच्या जोनसची त्या वृद्धाचा वारस म्हणून निवड होते आणि त्या आठवणी हाताच्या स्पर्शातून हळूहळू त्याच्याकडे येऊ लागतात. या वसाहतीत वर्षाला पन्नास बालके जन्मतात. जन्म देणाऱ्या स्त्रिया वेगळ्या, पहिल्या वर्षी सांभाळणारे संगोपक वेगळे, आणि शेवटी ज्यांच्या पदरी बाळ घातले जाते ते आईबाप वेगळे.

जोनसचा बाप असा एक संगोपक आहे. त्याच्या केंद्रातील एका बाळाचे वजन वाढत नाही आणि ते रात्री झोपत नाही. बाप कनवाळू आहे. तो खास परवानगी काढून त्या बाळाला रात्रीपुरते घरी आणतो. मात्र घरातील प्रत्येकाला लिहून द्यावे लागते की, आम्ही या बाळाचा लळा लावून घेणार नाही. बाळाला एक वर्षाची मुदत मिळते. तेवढ्यात ते सुधारले नाही, तर त्याला ‘रिलीज’ करायचे.

हा शब्द कादंबरीत पहिल्या पानापासून आहे. वृद्धांना ‘रिलीज’ करतात, तेव्हा समारंभ होतो. पुन्हा पुन्हा नियम मोडणाऱ्यालाही ‘रिलीज’ करतात. वसाहतीतील लोकांची समजूत अशी की, ती माणसे कोठेतरी दूर, ‘दुसरीकडे’ जातात. आम्हांला सेमिनरीत असल्यापासून एक खोड आहे. परभाषेतील पुस्तक वाचताना मनातल्या मनात त्याचे मराठी करीत जायचे. या शब्दापाशी आम्ही थांबलो. ‘मोकळीक’ लिहावे का? ‘मुक्ती’? मग ओठांवर आपोआप शब्द आला, ‘सुटका’. आणि पुस्तक आम्ही छातीवर उपडे ठेवले.

कारण हा शब्द आम्ही एकदा वापरला होता.

त्याला आता पंचवीसहून अधिक वर्षे झाली. गुरुदीक्षा होऊन आम्हांला पुरते वर्षही झाले नव्हते. एका रुग्णालयातून रात्री निरोप आला. सातव्या महिन्यातच जन्मलेले बाळ, काचेच्या पेटीत ठेवलेले. आम्ही धावत गेलो. आई वरच्या मजल्यावर शस्त्रक्रियेच्या गुंगीत होती. बाप औषधे आणायला बाहेर गेला होता. बाळाची आजी तेवढी दाराशी उभी होती. नाव काय ठेवायचे, असे आम्ही विचारले. तिला काही सुचेना. वेळ नव्हता. त्या दिवसाच्या संताचे नाव आम्हीच घेतले आणि पेटीच्या झरोक्यातून हात घालून बोटांच्या टोकांनी पाणी वाहिले. आमच्या अंगठ्याएवढी त्याची टाच होती. दुसऱ्या दिवशी सायंकाळी बाळ गेले.

तिसऱ्या दिवशी आम्ही त्या मातेच्या खाटेपाशी उभे होतो. चार वर्षे ईशज्ञान शिकलेले तरुण धर्मगुरू. रिकामे राहायचे कसे? आम्ही म्हणालो, "बाई, दुःख करू नका. बाळ सुटलं." आपल्या गावोगावी हाच शब्द वापरतात. दीर्घ आजाराने कोणी गेले की लोक म्हणतात, सुटला बिचारा. तिने आमच्याकडे पाहिले. मोठ्याने बोलण्याची शक्ती तिच्यात नव्हती. ती एवढेच म्हणाली, "कशातून सुटलं, फादर? मी तर त्याला अजून हातातसुद्धा घेतलं नव्हतं."

आम्ही तेथून निघून आलो.

तेव्हा ही कादंबरी वाचताना त्या बाळाचे काम काय, हे शोधायला आम्हांला समीक्षेचे ग्रंथ धुंडाळावे लागले नाहीत. वसाहतीत भाषेच्या काटेकोरपणाला फार मान आहे. लहान मुलाने चुकीचा शब्द वापरला, तर त्याला शिक्षा होते. जोनस एकदा आईबापांना विचारतो की, तुमचे माझ्यावर प्रेम आहे का? ते दोघे हसतात आणि समजावतात की, हा शब्द फार ढोबळ आहे. तुम्हांला माझा सहवास आवडतो का, असे विचारावे. शब्द इतके तासलेले की, त्यांच्या खाली काय दडले आहे ते कोणाच्या बोटांना लागतच नाही. अशा ठिकाणी एकच माणूस असा आहे, ज्याच्यावर शब्दांचा इलाज चालत नाही. ते बाळ. त्याला समजावता येत नाही, दरडावता येत नाही, त्याच्याकडून काही लिहून घेता येत नाही. ते रडते, आणि त्याला कोणीतरी हात लावावा लागतो. जोनस रात्री त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि नकळत आपल्याजवळची एक आठवण, शांत सरोवरावरील नौकाविहाराची, त्याच्याकडे सरकते. बाळ झोपी जाते. ‘प्रेम’ हा शब्द आईबापांनी हसण्यावारी नेला, त्या रात्री जोनस तो शब्द या बाळाच्या कानात कुजबुजतो. आणि दुसऱ्या सकाळी, भावना बोथट करणारी जी गोळी तेथे सर्वांना घ्यावी लागते, ती तो पहिल्यांदाच घेत नाही.

यानंतर येतो कादंबरीतील सर्वांत कठीण प्रसंग. एकसारखी दिसणारी जुळी जन्मतात. वसाहतीत अशी जोडी ठेवत नाहीत. वजन करायचे, आणि जे हलके भरेल त्याची सुटका करायची. हे काम जोनसच्या बापाकडे असते. जोनस त्याचे चित्रमुद्रण पाहतो. बाप बाळाशी लाडेलाडे बोलतो, त्याच्या कपाळावरील शिरेत सुई टोचतो, हालचाल थांबल्यावर देह खोक्यात घालतो, खोका कचऱ्याच्या घसरगुंडीत ढकलतो आणि गमतीने त्याचा निरोपही घेतो. तो क्रूर नाही. घरी बाळ आणणारा तोच हा माणूस आहे. त्याला एक शब्द दिला गेला आहे, आणि त्या शब्दामुळे आपण काय करीत आहोत हे त्याला दिसत नाही.

कोणी म्हणेल, ही कल्पित कथा. पण इतिहास पाहावा. हिटलरने १ सप्टेंबर १९३९ अशी तारीख घालून ज्या कागदावर सही केली, त्यात बऱ्या न होणाऱ्या रुग्णांच्या हत्येला ‘दयामृत्यू’ म्हटले होते. अपंग बालकांना रुग्णालयांतील ज्या विभागांत मारले गेले, त्यांना ‘बालकांचे विशेष विभाग’ असे नाव होते. तेथेही पांढऱ्या डगल्यातील सभ्य माणसेच काम करीत होती. ३ ऑगस्ट १९४१ रोजी म्युन्स्टरचे बिशप क्लेमेन्स फॉन गालेन यांनी प्रवचनपीठावरून या प्रकाराला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली, हत्या. त्या प्रवचनाच्या प्रती हातोहाती जर्मनीभर गेल्या. शब्दावरचे पांघरूण काढणे हेही धर्मगुरूचे काम असते. आम्ही मात्र त्या खाटेपाशी पांघरूण घालण्याचे काम केले होते. त्या बाळाला कोणी मारले नव्हते, हे खरे. डॉक्टरांनी शर्थ केली होती. पण मातेच्या दुःखावर आम्ही जो शब्द पसरला, तो तिच्यासाठी नव्हता. आम्हांला तेथून लवकर निघता यावे म्हणून होता.

आता नावाविषयी. वसाहतीत बाळाला वर्षभर नाव मिळत नाही, त्याला फक्त क्रमांक असतो. डिसेंबरातील समारंभात, ते टिकले तरच, नाव आणि घर दोन्ही एकदम मिळतात. जोनसचा बाप नियम मोडून यादीत डोकावतो आणि नाव पाहून ठेवतो: गब्रिएल. नावाने हाक मारली तर कदाचित बाळाला बरे वाटेल, असे त्याला वाटते. वाचकहो, आपल्याला हे नाव नवे नाही. ते मरियेकडे बाळाची वार्ता घेऊन येणाऱ्या देवदूताचे. लेखिकेचा हेतू काहीही असो, आम्हांला मात्र आपला स्नानसंस्काराचा विधी आठवला. त्या विधीत धर्मगुरूचा पहिला प्रश्न असतो, "तुम्ही आपल्या बाळाला काय नाव देता?" वजन किती, मुलगा की मुलगी, सुदृढ की दुबळे, हे प्रश्न त्यात नाहीत. नाव आधी; बाकीचे आयुष्य नंतर.

याउलट, आपल्याच महाराष्ट्रात नावातूनच बाळाला नाकारले गेल्याचे आपण पाहिले आहे. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून कित्येक घरांत तिचे नाव ‘नकुशा’ ठेवले गेले. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. शाळेच्या हजेरीत रोज सकाळी ‘नकोशी’ अशी हाक ऐकून ‘हजर’ म्हणणाऱ्या मुलीचे मन कसे घडले असेल? लौरी यांच्या वसाहतीतील क्रमांक त्या मानाने सौम्यच म्हणावा लागेल.

जोनस आणि तो वृद्ध मिळून एक बेत आखतात. जोनसने वसाहतीबाहेर पळून जायचे, म्हणजे त्याच्याजवळच्या आठवणी सर्व लोकांकडे परत येतील आणि ते पुन्हा माणसे होतील. सर्वांच्या उद्धाराचा असा तो विचारपूर्वक आखलेला बेत. पण त्याच संध्याकाळी बाप जेवताना सांगतो की, आदल्या रात्री गब्रिएलला केंद्रात ठेवून पाहिले, तो रात्रभर रडला, उद्या सकाळी त्याची सुटका आहे. मत मीही दिले, असेही तो सांगतो. जोनस सगळा बेत बाजूला सारतो. अन्नाचा साठा नाही, तयारी नाही. बापाची सायकल घेतो, कारण तिला मागे बाळाची बैठक आहे, आणि रात्रीतून निघतो.

सेमिनरीत आम्हांला नीतिशास्त्राच्या तासाला असे पेच घालीत असत: अनेकांचे हित एका पारड्यात, एकाचा जीव दुसऱ्यात. आम्ही वह्या भरभरून उत्तरे लिहीत असू. जोनस काही लिहीत नाही. सकाळ होण्याआधी त्याला एक बाळ उचलायचे असते. नव्याण्णव मेंढरे रानात ठेवून एकाच्या शोधार्थ निघालेल्या मेंढपाळाचा हिशेब असाच होता. आणि गंमत अशी की, बेत यामुळे बुडत नाही. बाळासाठी पळालेला जोनस आठवणीही मागे सोडीत जातोच.

त्या प्रवासात मात्र कोण कोणाला वाचवतो, हे सांगणे कठीण होत जाते. अंगाची ऊब हेरणारी विमाने वरून घिरट्या घालतात, तेव्हा जोनस बर्फाच्या आठवणी जागवून बाळाचे आणि आपले अंग गार करतो. पुढे खरीच थंडी येते, तेव्हा सूर्यप्रकाशाच्या उरल्यासुरल्या आठवणी वाटून घेतो. पाय मुरगळतो, अन्न संपते, बाळ भुकेने रडते. जोनसही रडतो, पण आता त्याला स्वतःची पर्वा नसते, बाळाला आपण वाचवू शकणार नाही या भीतीने तो रडतो. वसाहतीत कोणाला आठवण नव्हती, म्हणून कोणाला भीतीही नव्हती. या मुलाला दोन्ही मिळाल्या, आणि त्याबरोबर पाऊल पुढे टाकण्याचे कारणही. तो एकटा असता तर त्या टेकडीवर बर्फात बसून राहिला असता, असे आम्हांला वाटते. बाळ काहीच करीत नाही; फक्त त्याला कोणीतरी लागते. कादंबरीतील त्याचे सारे काम एवढेच, आणि ते दुसरे कोणीही करू शकले नसते.

लौरी यांनी न्यूबेरी पदक स्वीकारताना केलेल्या भाषणात एक आठवण सांगितली होती. त्यांचे वडील वृद्धापकाळी स्मृती गमावत चालले होते. भिंतीवर त्यांच्या थोरल्या मुलीचे छायाचित्र होते. ती तरुणपणीच कर्करोगाने गेली होती. ती गेली हे वडील विसरले होते आणि लौरी यांना ते पुन्हा पुन्हा सांगावे लागत असे. दुःख विसरून जाणे किती सुखाचे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि मग त्या विचाराचीच त्यांना भीती वाटली. २०१२ साली त्यांनी या मालिकेतील चौथी कादंबरी लिहिली, ‘सन’. तिच्यात गब्रिएलला जन्म देणारी मुलगी भेटते. क्लेअर तिचे नाव. वय अवघे चौदा. प्रसूतीत अडचण आली म्हणून तिला त्या कामावरून काढून टाकले जाते, आणि भावना बोथट करणारी गोळी तिला द्यायला सारेच विसरतात. तिच्याजवळ बाळाविषयी फक्त एक क्रमांक असतो, ३६. त्या क्रमांकाच्या मागोमाग ती आपले सारे आयुष्य पणाला लावते.

हे वाचताना आमच्या कार्यालयातील एक सकाळ आम्हांला आठवली. त्या रुग्णालयातील प्रसंगानंतर काही महिन्यांनी ती माता आमच्याकडे आली होती. बसा म्हटले तरी बसली नाही. म्हणाली, "फादर, तुम्ही त्याला काय नाव दिलं होतं? घरात कोणालाच नीट आठवत नाही." आणि वाचकहो, आम्हांलाही आठवले नाही. कपाटातून स्नानसंस्काराची नोंदवही काढून, पाने उलटून, आमच्याच हस्ताक्षरातील ते नाव आम्ही शोधून काढले आणि वाचून दाखवले. तिने ते हळूच दोनदा उच्चारले. मग हात जोडून गेली. ते नाव आम्ही येथे लिहीत नाही. ते तिचे आहे. आता मात्र आम्हांला ते नोंदवहीत पाहावे लागत नाही. दर वर्षी मृतांच्या स्मरणदिनी, २ नोव्हेंबरला, वेदीवर आम्ही ते मनातल्या मनात घेतो.

ती मुलगी पुस्तक न्यायला आली, तेव्हा पाऊस सरला होता. "मग फादर, जगतं की मरतं?" तिने पायरीवरूनच विचारले. आम्ही तिला सांगितले की, शेवटच्या पानावर लेखिका ते उघड सांगत नाही. घसरगाडी उतारावरून धावते आहे, खाली दिवे दिसतात, गाणे ऐकू आल्यासारखे वाटते, एवढेच. पुढल्या पुस्तकांत मात्र तो जगल्याचे कळते. ती खूश झाली. भांडणात तिचीच बाजू खरी ठरली होती. मग थोडे थांबून म्हणाली, "पण फादर, तो मेला असता तर? मग जोनसनं त्याला उचलून नेलं ते फुकटच ना?"

पूर्वी आम्ही या प्रश्नावर लगेच प्रवचन दिले असते. या वेळी जे ठाऊक होते तेवढेच सांगितले. म्हणालो, "नाही, पोरी. कोणीतरी त्याला हातात तर घेतलं होतं."

त्या रविवारी तीन बाळांचा स्नानसंस्कार होता. तिसऱ्याने पाणी पडताच असा टाहो फोडला की, ते थांबेचना. त्याची आई संकोचून गेली, धर्ममाता खुळखुळा शोधू लागली. एरवी आम्ही आवाज चढवून प्रार्थना पुढे रेटली असती. त्या दिवशी आम्ही पुस्तक मिटले, बाळाला आईकडून मागून घेतले आणि ते शांत होईपर्यंत सारे देऊळ थांबून राहिले.